नशा सुटली, आता घर सांधायचं



नवरा व्यसनमुक्ती केंद्रातून घरी येतो, त्या दिवशी घरात सणासारखं वातावरण असतं. आई दारातच त्याच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकते, शेजारीपाजारी चौकशी करून जातात, पोरं बापाला चिकटून बसतात. सगळ्यांना वाटतं, चला, एकदाचं संकट टळलं, आता संसार मार्गाला लागेल. आणि मग महिना-दीड महिन्यात त्याच घरातून तक्रारी ऐकू यायला लागतात. तो म्हणतो, 'मी सगळं सोडलं, तरी ही माझ्यावर विश्वास ठेवत नाही.' ती म्हणते, 'नशेत होता तेव्हा निदान बोलायचा तरी. आता घुम्यासारखा बसून राहतो.' सासूबाई म्हणतात, 'माझा मुलगा सुधारला, पण हिचंच तोंड सरळ होत नाही.' गंमत अशी, की तिघांपैकी कुणीच खोटं बोलत नसतं.

या महिना-दीड महिन्यानंतरच्या काळाविषयी आज मला तुमच्याशी बोलायचं आहे. व्यसनावर आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं. शरीर कसं पोखरलं जातं, पैसा कसा जातो, गुन्हेगारी कशी वाढते, हे आपण ऐकत असतो. पण नशा करणाऱ्या पुरुषाच्या मनात काय चाललेलं असतं आणि त्याच्या लग्नाचं काय होतं, यावर फारसं कुणी बोलत नाही. बोललंच तर 'बेवडा नवरा' आणि 'बिचारी बायको' एवढ्यावर विषय संपतो. माझं सांगणं एवढंच आहे, की नशा सुटली म्हणून संसार आपोआप सांधला जात नाही. नशा सोडवायला जशी मदत लागते, तशी नवऱ्याच्या मनाला आणि नवरा-बायकोच्या नात्यालाही वेगळी मदत लागते. ती मिळाली नाही, तर बरा झालेला माणूस पुन्हा त्याच वाटेला लागण्याची भीती असते.

हा प्रश्न किती घरांचा आहे? केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या 'एम्स'ने देशभर पाहणी केली होती, तिचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. भांग, गांजा, चरस यांचं सेवन करणारे ३ कोटी १० लाखांच्या घरात आहेत आणि अफू, गर्द किंवा त्या जातीची औषधं घेणारे सव्वादोन कोटींच्या आसपास. दारू पिणाऱ्यांचं प्रमाण पुरुषांत २७ टक्क्यांहून थोडं जास्त आणि बायकांत दोन टक्क्यांहूनही कमी आहे. म्हणजे आपल्याकडे हा प्रामुख्याने पुरुषांचा आजार आहे, आणि त्याची झळ लागते ती त्यांच्या बायकांना. त्याच अहवालातली आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळतो. इतर बेकायदा नशांच्या बाबतीत वीस जणांमागे एकाला. बाकीच्यांचा सगळा भार घर उचलतं. आणि घर म्हणजे बहुतेक वेळा बायको.

आता आपल्या वसई-विरारकडे पाहू. वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा आणि विरार या चार नगरपालिका आणि आसपासची गावं मिळून ३ जुलै २००९ रोजी इथं महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १२ लाखांच्या पुढे होती. पुढे १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला. पश्चिमेला केळीच्या आणि फुलांच्या वाड्या, चर्च, देवळं, पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना ओळखणारी गावं. पूर्वेला चाळी, इमारती, गाळे आणि कारखाने. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगावातली कितीतरी कुटुंबं परवडणाऱ्या घराच्या शोधात नालासोपारा-विरारला आली. कोकणातून, उत्तरेतून, देशभरातून माणसं येत राहिली. नवराबायको दोघंच, मागे ना सासर ना माहेर, अशी असंख्य बिऱ्हाडं इथं आहेत.

आणि या सगळ्यांना बांधून ठेवणारी आहे विरार लोकल. विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर. पहाटे घर सोडायचं आणि रात्री नऊ-दहाला परतायचं. नवराबायको एकमेकांच्या वाट्याला येतात दिवसाचा तासभर, तोही दमलेला. अशा संसारात नशा लपवणं सोपं जातं. उशीर का झाला? गाडी लेट होती. डोळे लाल का? उभ्यानं प्रवास केला, झोप नाही. पैसे कमी का? पाकीट मारलं. लोकलनं ही सगळी कारणं आयती पुरवलेली आहेत. बायकोला संशय आला तरी तिच्याजवळ पुरावा नसतो, आणि विचारायला गेलं की भांडण. म्हणून बऱ्याच घरांत नशेचा पत्ता लागतो तो वर्ष-दोन वर्षांनी, कर्जवाला दारात उभा राहिला की.

नशेचे प्रकारही बदलत गेले. ताडी आणि दारू इथं जुनीच. १९८० च्या दशकात मुंबईत गर्द म्हणजे ब्राउन शुगर आली आणि तिनं तरण्याताठ्या पोरांना गिळलं. मग खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या आल्या, झोपेच्या गोळ्या आल्या, ज्यांना नाक्यावर 'बटन' म्हणतात. अलीकडे 'एमडी' म्हणजे मेफेड्रोन. ही पावडर फेब्रुवारी २०१५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आली. ती पकडल्याच्या बातम्या आपल्या भागातूनही अधूनमधून येत असतात. पदार्थ वेगवेगळे असले, तरी घरात जे घडतं ते बरंचसं सारखं असतं.

प्रथम नवऱ्याच्या मनाकडे पाहू. आपल्याला वाटतं, नशा करणारा मजा करतो. सुरुवातीला ते खरंही असतं. पण पुढे तो मजेसाठी घेत नाही, घेतलं नाही तर होणारा त्रास टाळण्यासाठी घेतो. आपल्या मेंदूत आनंदाची जाणीव करून देणारी एक रासायनिक यंत्रणा आहे. चांगलं जेवण, मुलाचं हसू, बायकोनं प्रेमानं विचारलेली चौकशी, या साध्या गोष्टींनी ती हलते. नशेचे पदार्थ या यंत्रणेला इतके जोराचे धक्के देतात, की हळूहळू ती साध्या गोष्टींना दादच देईनाशी होते. नशा थांबवली तरी ती लगेच पूर्ववत होत नाही. काही आठवडे, कधी काही महिने माणसाला कशातच गोडी वाटत नाही. झोप लागत नाही, चिडचिड होते, जेवण बेचव लागतं. तो घुम्यासारखा बसून राहतो तो यामुळे. बायकोला वाटतं, याचं माझ्यावरचं मन उडालं. खरं म्हणजे त्याचं मन सगळ्यावरूनच उडालेलं असतं, आणि हा बरं होण्याच्या वाटेवरचा एक टप्पा असतो. एवढी एक गोष्ट दोघांना आधी कुणी समजावून सांगितली, तर कितीतरी भांडणं टळतील.

कधी कधी मात्र हे त्याच्याही पलीकडचं असतं. नशा करणाऱ्या अनेक पुरुषांना मुळातच नैराश्याचा किंवा चिंतेचा आजार असतो. काहींनी त्या त्रासावर उतारा म्हणूनच नशा धरलेली असते. नशा काढून घेतली की मूळ दुखणं उघडं पडतं. त्यात शरमेची भर पडते. बायकोचं मंगळसूत्र गहाण टाकलं, मुलाच्या फीचे पैसे उडवले, बापाच्या आजारपणात आपण शुद्धीवर नव्हतो, हे सगळं आता शुद्धीत आठवायला लागतं. पुरुषानं रडायचं नाही, हे त्याला लहानपणापासून शिकवलेलं. मग ही शरम रागाच्या रूपानं बाहेर पडते. 'जगण्यात अर्थ नाही', 'मी नसलेलाच बरा' अशी भाषा तो करायला लागला, तर ते नाटक समजू नका. त्याला एकटं सोडू नका आणि मनोविकारतज्ज्ञाकडे न्या. 'टेलिमानस' ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर कुठल्याही वेळी फोन करून मराठीतही बोलता येतं.

आता एका नाजूक गोष्टीविषयी. रविवार सकाळचं व्याख्यान आहे, घरात सगळे ऐकत असतील, पण हे सांगितल्याशिवाय विषय पुरा होत नाही. पुष्कळ पुरुष नशेकडे वळतात ते शरीरसुखाबद्दलच्या गैरसमजातून. अमुक घेतलं की जोम वाढतो, तमुक घेतलं की वेळ वाढतो, असं मित्र सांगतात. प्रत्यक्षात दीर्घकाळ दारू पिणाऱ्यात किंवा गर्द घेणाऱ्यात उलट घडतं. गर्द आणि त्या जातीचे पदार्थ पुरुषी संप्रेरकांचं प्रमाण घटवतात, इच्छाच कमी होते. नशा सोडल्यावर काही काळ अडचणी येतात, नंतर बहुतेकांच्या बाबतीत हळूहळू सुधारणा होते. पण नवरा हे कुणाला विचारत नाही. आपण निकामी झालो असं समजून तो बायकोपासून लांब राहतो किंवा पुन्हा जुन्या 'औषधा'कडे वळतो. बायकोच्या मनात तिसरंच येतं. डॉक्टरांसमोर दहा मिनिटं मोकळेपणानं बोललं, तर यातून मार्ग निघतो. सुईनं नशा केलेली असेल, तर एचआयव्ही आणि कावीळ बी, सी यांच्या तपासण्या करून घेणं, आणि त्या होईपर्यंत बायकोला धोका पोचणार नाही याची काळजी घेणं, हे नवऱ्याचं कर्तव्यच आहे.

संशय हा आणखी एक रोग. वर्षानुवर्षं दारू पिणाऱ्यांत, आणि गांजा किंवा एमडीसारखे पदार्थ घेणाऱ्यांत, बायकोच्या चारित्र्याविषयी संशय बळावलेला दिसतो. फोन कुणाचा, दूधवाला इतका वेळ का थांबला, कामावरून दहा मिनिटं उशीर का. नशा थांबल्यावर तो बऱ्याचदा ओसरतो. ओसरला नाही, तर त्यावर औषधं आहेत. ही बायकोनं खुलासे करून मिटणारी गोष्ट नव्हे, हे दोघांनी लक्षात घ्यायला हवं.

आता तिच्या बाजूनं पाहू. इतकी वर्षं तिनं घर कसं चालवलं? पैसे डाळीच्या डब्यात लपवून. रात्री जिन्यावर पावलं वाजली की ती कशी वाजतात यावरून आजची रात्र कशी जाणार ते ओळखून. मुलांना वेळेआधी जेवू घालून झोपवून. कारखान्यातल्या साहेबांना 'त्यांना ताप आहे' असं खोटं सांगून. झोपेतसुद्धा जागं राहायची सवय तिच्या अंगात मुरलेली असते. नवरा पस्तीस-चाळीस दिवस केंद्रात राहून येतो, म्हणून तिची ही सवय पस्तीस-चाळीस दिवसांत जात नाही. गाडी खरोखरच अर्धा तास लेट असते, तो खरोखरच विरारच्या पुलावरच्या गर्दीत अडकलेला असतो, पण तिच्या छातीत तेवढ्या वेळात धडधड सुरू होते. तो आल्यावर ती त्याच्या शर्टाचा वास घेते. त्याला अपमान वाटतो. पण ती त्याचा अपमान करत नसते, तिचं अंगच जुन्या भीतीनं तसं वागत असतं. तिलाही उपचार लागतो, आणि आपल्याकडे तो तिला कुणी देत नाही.

भरीला अधिकाराचा प्रश्न येतो. नवरा नशेत होता तेव्हा ती कमवायला लागली. वालीवच्या एखाद्या गाळ्यात पॅकिंगचं काम, कुणाच्या घरी पोळ्या, कुठे शिवणकाम. मुलाच्या शाळेचा निर्णय तिनं घेतला, भिशी तिनं लावली, घरमालकाशी तीच बोलली. आता नवरा शुद्धीवर आला आणि म्हणाला, 'बँकेचं कार्ड इकडे दे, घरातला कर्ता मी आहे', तर ती ते सुखासुखी कसं देईल? आणि त्यालाही, चार पैसे मागायला बायकोपुढे हात पसरताना वाटणारी लाज कमी नसते. केंद्रातून आलेल्या कितीतरी माणसांची पहिली घसरगुंडी होते ती अशा एखाद्या भांडणानंतर.

शेजारच्या गोव्यातला एक अनुभव इथं सांगण्यासारखा आहे. तिथल्या 'संगथ' या संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, घातक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर एक प्रयोग केला. डॉक्टर नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी त्यांच्याशी थोड्या बैठका केल्या. निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली आले. तीन महिन्यांनी पाहिलं, तर समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के पुरुषांचं पिणं धोक्याच्या रेषेखाली आलं होतं. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होतं. साध्या संभाषणानं एवढा फरक पडतो, ही आशेची गोष्ट आहे. पण त्याच अभ्यासात बायकोवरच्या हिंसाचारात मात्र म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. पिणं कमी होणं आणि घर शांत होणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यातून कळतं.

मग करायचं काय?

महाराष्ट्रात या कामाची परंपरा आहे. डॉ. अनिल अवचट यांनी गर्दच्या विळख्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला पुढे आले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात 'मुक्तांगण' सुरू झालं. मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी त्याची घडी बसवली. तिथं रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट चालतो. व्यसनी माणसाच्या बायकोलाही तिचं स्वतःचं दुःख आहे, ते बोलायला तिला जागा हवी, हे त्यांनी ओळखलं. त्याआधी, १९८१ मध्ये, फादर ज्यो परेरा यांनी वांद्र्याला 'कृपा फाउंडेशन'ची सुरुवात केली. योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांचे हे शिष्य, त्यामुळे तिथल्या उपचारांत योगाला मोठं स्थान आहे. 'कृपा'चं केंद्र आपल्या वसईतही आहे. अमेरिकेत १९३५ साली सुरू झालेल्या 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस'च्या मोफत सभा आपल्याकडे भरतात, आणि १९५१ पासून व्यसनी माणसांच्या कुटुंबीयांसाठी 'अल-अनॉन' ही वेगळी संघटना काम करते. नवऱ्याला केंद्रात पाठवताना बायकोनं स्वतःसाठीही अशी जागा शोधावी. तिथं गेलं की पहिल्यांदा कळतं, आपण एकट्या नाही, आणि त्याच्या पिण्याला आपण कारण नाही.

अमेरिकेत टिमोथी ओफॅरल या मानसशास्त्रज्ञांनी व्यसनी जोडप्यांसाठी उपचाराची एक पद्धत वाढवली. तिच्यातली एक साधी गोष्ट कुणालाही करता येईल. रोज ठरलेल्या वेळी दोघांनी दोन मिनिटं समोरासमोर बसायचं. नवऱ्यानं म्हणायचं, 'कालचा दिवस मी नशेशिवाय काढला. आजचाही काढणार आहे. तुझी साथ आहे, बरं वाटतं.' औषध चालू असेल तर ते तिच्यासमोर घ्यायचं. बायकोनं म्हणायचं, 'ऐकून बरं वाटलं.' बस, एवढंच. त्या दोन मिनिटांत तिनं मागचं उकरून काढायचं नाही आणि त्यानं पुढच्या वर्षाची वचनं द्यायची नाहीत. मागचं बोलायचं असेल तर ते समुपदेशकासमोर. ऐकायला हे पोरकट वाटेल. पण दिवसभर एकमेकांवर पाळत ठेवण्यापेक्षा ही दोन मिनिटं कितीतरी स्वस्त पडतात. विश्वास हा असा थोडाथोडा, भिशीसारखा जमा होतो.

आपल्या भागापुरत्या आणखी काही गोष्टी. लोकलमधला ग्रुप नशेचा असेल तर डबा बदला, गाडी बदला. तोच डबा आणि तेच मित्र ठेवून मनोनिग्रहाची परीक्षा पाहू नका. संध्याकाळी भाईंदरची खाडी ओलांडली की घरी एक फोन करा. ती पाळत नव्हे, तिच्या छातीतली धडधड थांबवायचं ते औषध आहे. पगार झाला की पहिलं वर्षभर दोघांनी एकत्र बसून हिशेब मांडा. कार्ड तिच्याकडे राहू द्या, पण त्याच्या हातात रोजच्या खर्चाचे पैसे न मागता पडतील असं ठरवा. म्हणजे तिची भीती आणि त्याची लाज, दोन्ही सांभाळल्या जातील. आणि महिन्यातून एखादा रविवार पोरांना घेऊन अर्नाळ्याच्या किंवा राजोडीच्या किनाऱ्यावर जा. नशेच्या काळात या दोघांनी एकत्र असं काही केलेलंच नसतं. एकत्र हसायची सवय पुन्हा लावावी लागते.

घरातल्या वडीलधाऱ्यांना दोन विनंत्या. 'लग्न करून दिलं की सुधारेल' ही कल्पना कृपा करून सोडा. लग्न हे व्यसनावरचं औषध नव्हे. नशा करणाऱ्या मुलाचं लग्न लपवाछपवी करून लावणं म्हणजे एका आजारात दुसऱ्या घरच्या मुलीला ढकलणं. आपल्या चर्चमध्ये लग्नाआधी जोडप्यांसाठी मार्गदर्शन वर्ग होतात. तिथं, आणि इतर समाजांच्या वधूवर मेळाव्यांतही, या विषयावर उघड बोललं जायला हवं. दुसरी विनंती, नवऱ्याला नकळत भाजीत, चहात दारू सोडवायचं औषध घालू नका. यातल्या डायसल्फिरामसारख्या औषधावर दारू प्यायली, तर रक्तदाब एकदम उतरून जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, त्याच्या संमतीनं घेतलेलं तेच औषध उपयोगी पडतं.

आणि एक गोष्ट ठासून सांगतो. मी आतापर्यंत जे समजुतीचं बोललो, ते मारहाण नसलेल्या घरांसाठी. जिथं हात उचलला जातो, तिथं आधी तिची आणि मुलांची सुरक्षितता. 'आजारी आहे बिचारा' म्हणून मार खायचा नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा शारीरिक छळाबरोबरच मानसिक आणि आर्थिक छळालाही हिंसाचार मानतो. या कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी असतात, तातडीला ११२ क्रमांक आहे. सगळे संसार सांधले जातातच असं नाही. एखादीनं वेगळं व्हायचं ठरवलं, तर 'तो सुधारत होता, हिनं सोडलं' असा ठपका तिच्यावर ठेवू नका. तिनं किती वर्षं वाट पाहिली, ते आपण मोजलेलं नसतं.

तरीही समजा, पाय घसरला. वर्षभर कोरडा राहिलेला नवरा एका रात्री पिऊन आला. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यसनसंशोधन संस्थेच्या म्हणण्यानुसार शंभरातल्या चाळीस ते साठ जणांना व्यसन पुन्हा उलटतं, आणि रक्तदाब, दमा अशा दीर्घ आजारांतही हेच घडत असतं. मधुमेहाच्या माणसानं लग्नात दोन जिलब्या खाल्ल्या, म्हणून आपण त्याचा उपचार बंद करत नाही. पुन्हा डॉक्टरकडे नेतो. इथंही तेच करायचं. त्या रात्री भांडू नका. सकाळी तो शुद्धीवर आला की केंद्राला फोन करा. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठी मोफत दूरध्वनी सेवा आहे, क्रमांक १४४४६. गर्दसारख्या नशेसाठी सरकारी यंत्रणेमार्फत जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांचा उपचारही मिळतो. कित्येक जण पोलिसांच्या भीतीनं उपचाराला येत नाहीत. त्यांनी हे ऐकावं. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातच, नशा करणाऱ्यानं किंवा अगदी अल्प प्रमाणात पदार्थ जवळ सापडलेल्यानं स्वतःहून उपचार पत्करले, तर त्याला खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूद आहे. उपचार मात्र त्यानं पुरा करायला हवा.

श्रोतेहो, तुमच्या शेजारी, तुमच्या डब्यात, तुमच्या नात्यात असा एखादा माणूस नुकताच घरी आलेला असेल. त्याला 'मग, आता बंद ना?' असं दर वेळी विचारू नका. लग्नकार्यात 'एकानं काय होतंय' म्हणून ग्लास पुढे करू नका. कामाला लावता आलं तर लावा. आणि त्याच्या बायकोला, वहिनी असो, भाची असो की शेजारीण, 'आता तुझं बरं झालं' असं म्हणून मोकळं होऊ नका. तिला विचारा, 'तू कशी आहेस?' आणि ती जे सांगेल ते मध्ये न बोलता ऐका. बहुधा इतक्या वर्षांत तिला हे कुणी विचारलेलं नसेल.



(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)